बांधावरचा वड

आमच्या कॉलनीच्या मागे मातीचं एक लहानसं धरण आहे, हे कॉलनीतल्या निम्म्या लोकांना ठाऊकच नाही. त्यांना तो वॉकिंग ट्रॅक वाटतो. सकाळी पांढरे बूट घालून माणसं त्याच्यावरून हात हलवत जातात. एका बाजूला तळं दिसतं, दुसऱ्या बाजूला खाली बस्तीचे पत्रे दिसतात, आणि आपण पाणी अडवणाऱ्या भिंतीच्या माथ्यावरून चालतोय हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. मी सांगायला गेलो तर म्हणतात, "अंकल, ये तो मिट्टी का बंड है, डॅम किधर है?" माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात असल्याच बंडांच्या मागे गेली. मोठ्या धरणांवर मंत्री जातात, लहान धरणांवर माझ्यासारखे जातात.

तळं निजामाच्या काळातलं. त्याच्या पाण्यावर पूर्वी खाली भात पिकायचा, आता घरं पिकली आहेत. तरी धरण बसून खात नाही. इथे हैदराबादेत जोराचा पाऊस झाला की कुकटपल्लीच्या वरच्या अंगाचं सगळं पाणी रस्त्यांवरून धावत खाली येतं. ते हे तळं पोटात घेतं आणि तुमातून सावकाश सोडतं. तूम म्हणजे बांधाच्या पोटातून आरपार गेलेली दगडी मोरी. शब्द तेलुगू आहे, पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, आम्हाला दुसरा सुचत नाही. पाणी फारच झालं तर बांधाच्या एका टोकाला सांडवा आहे, जास्तीचं तिथून निघून जातं. हे नसतं तर खालच्या बस्तीत दर पावसाळ्यात खाटा तरंगल्या असत्या.

हे धरण माझ्या वाट्याला आलं ते आजारपणामुळे. निवृत्त झाल्यावर आम्ही हिमायतनगरचं भाड्याचं घर सोडून इथल्या फ्लॅटमध्ये आलो आणि पहिल्याच वर्षी माझ्या हृदयानं असहकार पुकारला. बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण चढउतार नको, सपाट जागा शोधा. हैदराबादेत सपाट जागा शोधायची म्हणजे कठीणच, इथे घराच्या पायरीखालीही खडक निघतो. शेवटी सपाट सापडला तो धरणाचा माथा. तो सपाट असावाच लागतो, कारण कुठे जरा खोलगट झाला तर पाणी तिथूनच उलटणार. म्हणजे डॉक्टरांनी नकळत मला माझ्याच खात्यात परत पाठवलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर मरता मरता वाचलो तरी गेली नव्हती. पहिल्याच दिवशी, छातीवरचे टाके अजून खाजत होते तेव्हा, मला उतारावर घुशींची बिळं दिसली. दुसऱ्या दिवशी वेडी बाभूळ दिसली. पाण्याच्या बाजूच्या दगडी अस्तरातून दगड निखळले होते, ते बायकांनी बोनालूच्या सणाला चुली मांडायला वर आणून ठेवले होते आणि सण झाल्यावर तिथेच सोडले होते. सांडव्यात गणपतीच्या थर्माकोलच्या मखरांचा ढीग अडकला होता. पूर्वी मी हे पाहून कागदावर शेरा मारला असता. आता शेरा मारायला कागद नव्हता, म्हणून मी विळा घेतला.

खात्यातल्या तरुण साहेबाला जाऊन भेटलो. त्याच्याकडे एवढी तळी आहेत की आमचं नाव सांगितल्यावर त्याला नकाशा उघडावा लागला. तो म्हणाला, "सर, तुम्ही बघत असाल तर बघा, काही दिसलं तर मला फोन करा." तेवढं मला पुरे होतं. तेव्हापासून मी सकाळी चालतो, गवत बेतानं कापून घेतो, दगड परत जागेवर बसवतो, बिळं खणून चिकणमातीनं भरतो. कधी साहेब दोन माणसं देतो, कधी मी एकटाच. खरं सांगायचं तर नोकरीत मी एवढा सुखी कधीच नव्हतो. नोकरीत शेकडो बांध होते आणि एकही माझा नव्हता.

मातीच्या धरणाचा एक नियम आहे. गवत हवं, झाड नको. गवत माती धरून ठेवतं. झाडाची मुळं मात्र पाण्याचा माग काढत खोल जातात, मोरीच्या दगडांच्या सांध्यात शिरतात, दगड सरकवतात. आणि झाड मेलं की त्याहून वाईट. मुळं कुजतात, त्यांच्या जागी भरावात पोकळ नळ्या राहतात, आणि पाण्याला घरात शिरायला तेवढी फट पुरते. म्हणून बांधावर रोप दिसलं की मी उपटतो. पिंपळ असला तरी उपटतो, आणि उपटताना मनात हात जोडतो. पांढऱ्या बुटांतल्या एका बाईंनी माझा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'ये अंकल रोज़ पौधे उखाड़ते हैं।' त्यावर रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. मी वाचून हसलो आणि दुसऱ्या दिवशी एक लिंब उपटला.

आणि असल्या ह्या धरणावर, बरोबर तुमाच्या डोक्यावर, माझ्याच बायकोनं वड लावला होता.

ती पुण्याची. लग्न होऊन इथे आली तेव्हा माझं दखनी वळणाचं 'हौ' आणि 'नक्को' ऐकून तिला वाटलं होतं की आपल्याला फसवलं. सणवार मात्र तिनं पुण्याचेच ठेवले. वटपौर्णिमा तर तिनं कधी चुकवली नाही. हिमायतनगरात गल्लीच्या तोंडाशीच जुना वड होता, त्यामुळे सगळं सोपं होतं. इथे आल्यावर पहिल्या ज्येष्ठात कळलं की आसपास वडच नाही. मग तिनं बाजारातून फांदी आणली, बादलीत रोवली आणि गॅलरीत पूजा केली. मी आपला पेपर वाचता वाचता म्हणालो, "सावित्री गॅलरीत बसली असती तर यम लिफ्टनं आला असता." ती हसली होती, मला चांगलं आठवतं.

आणि त्याच पंधरवड्यात माझ्या छातीत दुखायला लागलं.

ती मला कधीच काही बोलली नाही. पण दवाखान्यातून घरी आल्यावर एकदा मी डोळे मिटून पडलो होतो आणि ती बहिणीशी फोनवर बोलत होती. म्हणाली, "ह्या वर्षी मी फांदीची पूजा केली ना. मूळच नव्हतं तिला." मी झोपेचं सोंग चालूच ठेवलं. असल्या वाक्याला उत्तर द्यायला माणूस उभा असावा लागतो, आणि मला तेव्हा उठून बसतानासुद्धा कुणाचा तरी हात लागायचा.

श्रावणात, मी अजून घरातच असताना, तिनं कॉलनीतल्या मराठी मुली गोळा केल्या. पुण्या-मुंबईहून कंपन्यांमध्ये नोकरीला आलेल्या ह्या मुली, एरवी त्यांना आवाज द्यावा तर कानात यंत्र असतं. पण हिच्या शब्दाला त्या मान देतात. नर्सरीतून वडाचं रोप आणलं. बागेच्या कमिटीला विचारलं तर कमिटी म्हणाली, वड नको, कंपाउंडची भिंत फुटेल. मग ह्या सगळ्या बांधावर गेल्या. जागा मोकळी होती, माती ओली होती, आणि विचारणारं कुणी नव्हतं, कारण विचारणारा घरी भाताची पेज पीत होता. कमिटीला आपल्या भिंतीची काळजी होती, म्हणून वड धरणावर आला. अशी ही गोष्ट.

पहिल्यांदा मी ते झाड पाहिलं तेव्हा ते माझ्या गुडघ्याएवढं होतं, भोवती बांबूचा पिंजरा आणि त्याला हळदकुंकू. घरी आल्या आल्या मी म्हणालो, "ते झाड काढावं लागेल." ती म्हणाली, "आधी जिना चढून दाखवा." मी जिना चढायला लागलो तेव्हा विषय पुन्हा काढला. ती म्हणाली, "एवढा मोठा बांध, त्यावर एक झाड. तुमचं धरण एवढं नाजूक आहे का?" मी तांत्रिक बाजू समजावली. पालथ्या घड्यावर पाणी. आमच्या घरात धरणावरचे सगळे वाद मी हरत आलोय, आणि तेही फक्त धरणावरचेच नाहीत.

त्यामुळे दर वटपौर्णिमेला मी आंब्यांची टोपली घेऊन बाजूला उभा राहायचो. बोलायची परवानगी नव्हती. मुली साड्या नेसून, वर बूट घालून यायच्या. कहाणी मोबाइलवर उघडायच्या आणि जोडाक्षर आलं की अडखळायच्या, मग ही मागून शब्द पुरवायची. वड वर्षावर्षाला वाढत होता. धागे गुंडाळताना हिचा चेहरा असा शांत व्हायचा की मला झाडाचा रागही यायचा आणि झाडाचे आभारही मानावेसे वाटायचे.

ह्या उन्हाळ्यात तळं खाली गेलं. मी उतारावरून जपून तुमाच्या पाण्याकडच्या तोंडापर्यंत गेलो, दगड तपासायला. दोन दगडांच्या सांध्यातून बोटाएवढं जाड मूळ बाहेर आलं होतं. पांढरं, ताजं. वडाचंच. मी ते हातात धरून बराच वेळ तिथे बसलो. मनातल्या मनात मी हे कधीपासून पाहत होतो.

घरी येऊन चहाच्या वेळी तिला सांगितलं. ह्या वेळी तिनं माझं बोलणं उडवून लावलं नाही. कपबशी खाली ठेवून तिनं सरळ विचारलं, "फुटणार का हो धरण?"

"आज नाही."

"मग केव्हा?"

"झाड मोठं होईल, मुळं दगड सरकवतील. नाहीतर कधीतरी झाड वठेल, मुळं कुजतील, पाणी आतून वाट काढेल. वीस वर्षांनी म्हण, तीस वर्षांनी म्हण."

"तेव्हा तुम्ही?"

"मी कुठला. मी नसेन."

तिनं माझ्या कपात उरलेला चहा ओतला. "म्हणजे तुम्ही आहात तोवर काही होत नाही."

"नाही."

"मग राहू दे," ती म्हणाली. "मला तेवढंच हवंय."

मी उभ्या आयुष्यात कंत्राटदारांशी भांडलो, वरिष्ठांशी भांडलो, एकदा तर एका आमदाराच्या मेव्हण्याशी भांडलो. पण ह्या वाक्याशी कसं भांडायचं ते मला कळेना. मला तिचा राग आला होता. तरी आपल्या माणसाला आपण इतके हवे आहोत, हे ऐकायला बरं वाटतं. पण त्या हवेपणाचं मूळ खालच्या लोकांच्या छपरावर लोंबत होतं, त्याचं काय करायचं?

साहेबाला एक फोन केला असता तर तासाभरात झाड आडवं झालं असतं. मी फोन केला नाही. झाड गेलं असतं, पण त्यानंतर मी साधा खोकलो असतो तरी तिच्या हातातलं भांडं खाली पडलं असतं. रोज सकाळी ती माझ्या छातीकडे बघत उठली असती. तिला तसं जगायला लावायचं माझ्या जिवावर आलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी विळा घेऊन उभा.

मग ह्या वर्षीची वटपौर्णिमा आली. मी नेहमीसारखी टोपली धरून उभा होतो. पूजा संपत आली होती. तेवढ्यात आमच्या इमारतीखाली गाड्यावर इस्त्री करणारी बाई बांधावरून घरी चालली होती, ती थांबली. कपड्यांचं गाठोडं खाली ठेवून बघत राहिली. मग हिला म्हणाली, "अम्मा, हर साल देखती मैं. ये धागा कायकू बांदते तुम लोगां?"

हिनं सांगितलं, तिच्या पुणेरी हिंदीत, नवऱ्याच्या आयुष्यासाठी म्हणून.

इस्त्रीवाली जरा घुटमळली. "मेरे मरद कू शक्कर है अम्मा. पाँव का जखम भरताइच नहीं. ऑटो बंद करके घर में पड़ा है. मैं बी बांदूँ क्या? हमारे में नहीं करते, पर बांदूँ क्या?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. हिनं क्षणभरही वेळ घेतला नाही. आपल्या हातातली सुताची गुंडी तिच्या हातात दिली, तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तिच्याबरोबर स्वतः पुन्हा फिरली. इस्त्रीवाली धागा ओढताना इतकी जपत होती की जणू तो तुटला तर सगळंच तुटेल. फेरे झाल्यावर तिनं झाडाच्या बुंध्याला कपाळ टेकवलं. ही म्हणाली, "भर जाएगा जखम. घर किधर है तुम्हारा?"

"ये क्या, नीचेइच." तिनं बांधावरून खाली बोट दाखवलं. "वो नीला पत्रा दिखता ना? वोइच. अब्बी अंदर सोया हुआ है. छोरी पाँव दबाती बैठी."

निळा पत्रा बरोबर खाली होता. वडाच्या खाली, तुमाच्या बस्तीकडच्या तोंडासमोर. ही तिथेच उभी राहिली, हातात आरतीचं ताट. मी तिच्याकडे पाहत होतो, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती वडाकडे बघायची, मग पत्र्याकडे, मग पुन्हा वडाकडे. माझ्या संसारात मी वेळेवर गप्प बसल्याचे प्रसंग कमी आहेत, हा त्यातला एक.

घरी आल्यावर उपासाचं खाऊन झालं, भांडी झाली. दुपारी गॅलरीत तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "तिच्या पोरीचं लग्न होईल तोवर. पोरंबाळं होतील."

"होतील."

"ती तिथेच राहत असेल, नाही?"

"बहुतेक. माणसं अशी जागा सोडून कुठे जातात."

तिनं ताटातला एक खडा काढून बाजूला टाकला. "नवऱ्यासाठी धागा बांधला तिनं," ती म्हणाली, "आणि ते झाडच तिच्या घरावर येणार. माझ्या हातानं लावलेलं." तिनं निवडायचं थांबवलं. "काढा ते झाड. पण तोडायचं नाही. उचलून दुसरीकडे लावायचं."

"जगेल. वड चिवट असतो."

"झाडाचं सांगताय की स्वतःचं?"

"दोघांचं," मी म्हणालो. तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

जागेचा प्रश्न इस्त्रीवालीनंच सोडवला. बांध जिथे संपतो आणि मूळचा खडक सुरू होतो, तिथे कट्टा मैसम्माचं ठाणं आहे. इथल्या प्रत्येक तळ्याच्या बांधावर ही देवी असतेच, धरणाची राखण तिच्याकडे असते. इस्त्रीवाली म्हणाली, "अम्मा के बाजू में जगा है ना, वहाँ लगाओ." मी जाऊन पाहिलं. खडकाच्या बेचक्यात भरपूर माती होती, आणि तिथे वडानं कितीही हातपाय पसरले तरी धरणाशी संबंध येत नव्हता. मैसम्मा माझी जुनी सहकारी, तिनं हरकत घेतली नाही.

आषाढात, बोनालूची गर्दी व्हायच्या आत आणि तळं भरायच्या आत, काम करायचं ठरलं. साहेबानं माणसं दिली आणि स्वतःही येऊन उभा राहिला. फांद्या छाटल्या, बुंध्याभोवती लांबून खणलं, मुळांसकट मातीचा गोळा गोणपाटात बांधला. माणसांनी तो बांबूवर उचलला आणि बांधावरून चालायला लागले. ही बाजूनं चालत होती, एक हात बुंध्यावर. ऑपरेशनच्या दिवशी ती माझ्या स्ट्रेचरसोबत अशीच चालली होती. ते तिच्या लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. माझ्या आलं.

वड मैसम्माशेजारी लावून झाला. माझं खरं काम तेव्हा कुठे सुरू झालं. बांधातला खड्डा नुसता बुजवून चालत नाही. एकेका मुळाचा माग काढून ते ओढून काढावं लागतं, मोरीचे सांधे भरून घ्यावे लागतात. मग खड्ड्याच्या कडा पायऱ्यांसारख्या कापून आत ओलसर चिकणमातीचे थर घालायचे, वीतभरही जाड नकोत, आणि प्रत्येक थर धुम्मस मारून घट्ट करायचा. धुम्मस म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दांड्याला बसवलेला. आमच्याकडे एकच होता आणि माणसं दमली होती. आभाळ भरून येत होतं.

सुट्टीचा दिवस होता, त्यामुळे मुलीही बघायला आल्या होत्या. मी आपलं सांगत होतो, जुन्या काळी धुम्मस कमी पडला की थरावर म्हशी फिरवायचे, खुरांनी माती छान दबते.

ही म्हणाली, "म्हणजे आता आम्ही म्हशी का?"

"मी तसं म्हणालो नाही."

"म्हणाला नाहीत, सुचवलंत." आणि पदर खोचून, चपला काढून ती थरावर उतरली. मागोमाग इस्त्रीवाली उतरली. मग बूट काढून मुली. खड्ड्यात दाटीनं उभ्या राहून त्या गोल फिरायला लागल्या, टाचा आपटत. एकीनं विचारलं, "काकू, कुठल्या बाजूनं फिरायचं?" ही म्हणाली, "प्रदक्षिणा घालतो तशाच. आता सवय काय मोडायची." साहेब हसायला लागला. मीही हसलो, पण वाकून माती दाबून बघत होतो. पक्की बसत होती. मी थर टाकत गेलो, त्या फिरत गेल्या, आणि खड्डा वर येत येत बांधाच्या पातळीला आला. वर मी गवताचे ठोंब लावले. पाऊस सुरू झाला तेव्हा सगळ्यांचे पाय गुडघ्यांपर्यंत मातीनं माखले होते आणि त्या मैसम्माच्या नळावर पाय धुवायला धावल्या.

वडाची उरलेली पानं गळून गेली. तो अजून खडकात नुसता दांडका उभा आहे. मी म्हणतो फुटेल, कॉलनीचा माळी म्हणतो फुटेल, पण अजून फुटलेला नाही. ती रोज जाऊन त्याला हात लावून येते. मला वाटलं होतं, आता हिचा धीर सुटणार. पहिले काही दिवस मी शिंकसुद्धा दाबून धरत होतो.

तळं मात्र छान भरलं. परवा सकाळी मी निघालो तर ती दारात बूट घालून उभी. इतक्या वर्षांत सकाळच्या फेरीला ती माझ्याबरोबर कधी आली नव्हती. तिचं म्हणणं असं की तिथे मी तिच्याशी बोलत नाही, बिळांशी बोलतो. मी विचारलं, "कुठे निघालीस?"

"तुमच्याबरोबर. काय काय बघायचं असतं ते मला दाखवा."

"कशाला?"

ती कुलूप लावत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही नसाल तेव्हा कोण बघणार?"

दवाखान्यातून आल्यापासून 'नसाल' हा शब्द तिनं तोंडातून काढलेला नव्हता. मी चुकून बोललो तरी ती विषय बदलायची, नाहीतर खोलीतून उठून जायची; त्या दिवशी चहाच्या वेळीसुद्धा माझं 'नसेन' सोडून तिनं 'आहात तोवर' एवढंच धरलं होतं. आता किल्ली पर्समध्ये टाकून ती लिफ्टकडे चालू लागली होती. मला काय वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं, दोन्ही एकदमच. मी तिच्या मागे निघालो.

तिला मी आधी बांधाच्या पायथ्याशी नेलं, कोरड्या बाजूला. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पायथ्याशी एका बारीक चरातून ते वाहतं. खिशातला काचेचा पेला काढून मी तिच्या हातात दिला आणि सांगितलं, "हे भरून घ्यायचं आणि उजेडात धरून बघायचं. स्वच्छ असलं तर निवांत घरी जायचं. गढूळ असलं तर समजायचं की आतली माती वाहून येतेय. मग वेळ घालवायचा नाही, साहेबाला फोन करायचा."

ती चरापाशी बसली. पेला भरला, पदरानं बाहेरून पुसला आणि सूर्याकडे धरला. मागे निळ्या पत्र्याच्या घरातून फोडणीचा वास येत होता. तिनं पेला एकदा फिरवून पाहिला, मग परत उजेडात धरला. मला वाटलं, एवढा वेळ लागत नाही.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली. "पुढचं दाखवा."